बांधावरचा पाला आणि जखमेतले जंतू



ऊसतोडीच्या दिवसांत कोयता कधी तरी निसटतोच. बोटाला लागतं, रक्त येतं. आपण काय करतो? बांधावरचा दगडी पाला ओरबाडतो, तळहातावर चोळतो, त्याचा हिरवा रस जखमेवर पिळतो आणि वरून चिंधी बांधून पुन्हा फडात शिरतो. वरवंड, पाटस, केडगाव, यवत असो, की भीमेपलीकडे शिरूर तालुक्यातले न्हावरे, मांडवगण असो, हा उपाय घरोघर माहीत आहे. आजीने आईला सांगितला, आईने आपल्याला.

आता घरात दोन मतं ऐकू येतात. शिकलेला मुलगा म्हणतो, "पाल्याबिल्यात काही नसतं, ती अंधश्रद्धा आहे." म्हातारा म्हणतो, "आम्ही जन्मभर पाल्यावर काढला, दवाखाना कशाला?" दोघांच्याही म्हणण्यात थोडं खरं आहे आणि दोघांच्याही हट्टाने नुकसान होतं. म्हणून आज आपण तीन प्रश्नांचा विचार करू. रानच्या झाडपाल्यात जंतू मारण्याचा गुण खरंच असतो का? असतो, तर तो कुठपर्यंत चालतो? आणि कुठे पोचल्यावर पाला टाकून देऊन दवाखान्याची वाट धरायची?

झाडात हा गुण आला कुठून?

झाडाला पाय नाहीत. बुरशी आली, जिवाणू आले, कीड आली, तरी त्याला जागा सोडता येत नाही. साल सोलली गेली, पान फाटलं, तर त्या जखमेतून जंतू आत शिरणारच. म्हणून झाड आपल्या सालीत, पानात, चिकात आपलं संरक्षण तयार करून ठेवतं. कुठे तुरट द्रव्य, कुठे कडू, कुठे उग्र वासाचं तेल, कुठे चीक.

यातलं तुरट द्रव्य आपल्या चांगलं ओळखीचं आहे. ओलं कातडं दोन दिवस तसंच ठेवलं तर सडतं, वास मारतं. तेच बाभळीच्या नाही तर तरवडाच्या सालीच्या पाण्यात मुरवलं, की त्याची चप्पल होते आणि ती वर्षानुवर्षे टिकते. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांनीच कमावतात. सडणं म्हणजे काय? जंतूंनी कातडं खाणं. सालीतलं तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना घट्ट धरतं आणि मग जंतूंना ते खाता येत नाही. हेच द्रव्य जखमेवर पडलं की वरचा थर आकसतो, रक्त थांबायला मदत होते आणि एक पातळ पापुद्रा तयार होतो. तेव्हा म्हाताऱ्यांचा अनुभव पोकळ नव्हता, हे पहिलं लक्षात घ्या.

प्रयोगशाळेत तपासणी कशी करतात?

"अमुक वनस्पतीत जंतुनाशक गुण सापडले" असं आपण वर्तमानपत्रात वाचतो, मोबाइलवर पाहतो. ते ठरवतात कसं, हे समजून घेतलं तर फसगत होणार नाही.

काचेची एक झाकणाची बशी घेतात. तिच्यात खरवसासारखा घट्ट थर ओततात. तो थर म्हणजे जंतूंचं खाद्य. त्यावर जंतू सारखे लिंपतात. मग टिकलीएवढी कागदाची चकती वनस्पतीच्या अर्कात भिजवून मधोमध ठेवतात आणि बशी रात्रभर ३७ अंश उबेत ठेवतात. सकाळपर्यंत सगळ्या बशीवर जंतूंची साय धरते. अर्कात गुण असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल कडं दिसतं. तिथे जंतू वाढलेले नसतात. ते कडं मोजतात आणि त्यावरून गुण किती ते ठरवतात.

आपल्या रानातल्या कितीतरी वनस्पतींनी अशी कडी दाखवली आहेत. कडुनिंब, बाभूळ, तरवड, दगडी पाला, हळद, सगळ्यांनी. पण बशीतला जंतू वेगळा आणि अंगातला जंतू वेगळा. यात तीन मेखा आहेत.

पहिली मेख अशी, की प्रयोगात बहुधा मद्यार्कात काढलेला, आटवलेला दाट अर्क असतो. आपण चोळून काढलेला रस त्याच्या मानाने फार पातळ.

दुसरी मेख, बशीत रक्त नसतं, पू नसतो, शेण-माती नसते. जखमेत हे सगळं असतं. पाल्यातलं तुरट द्रव्य रक्त आणि पू यांच्याशीच आधी गुंतून संपतं, जंतूपर्यंत पोचतच नाही.

तिसरी मेख, ते द्रव्य जंतूला मारतं म्हणून माणसाला सोसेल असं नाही. बशीत फिनेल ठेवलं तर त्याच्याभोवती चांगलं मोठं कडं पडेल. म्हणून फिनेल कोणी पीत नाही!

वरून लावणे आणि पोटात घेणे

फवारणीचा हिशेब तुम्हाला सांगायला नको. पंधरा लिटरच्या पंपात औषधाचं माप ठरलेलं असतं. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढं टाकलं तर कीड मरत नाही, उलट निबर होते. आता हाच हिशेब अंगाला लावून पाहा. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे ३६ लिटर पाणी असतं, म्हणजे जवळजवळ अडीच पंप. पाल्याचा दोन चमचे रस प्यायला, तर तो १० मिलिलिटर. त्यातलंही काही पोटात जिरतं, काही यकृत मोडून टाकतं. उरलेलं अडीच पंप पाण्यात पसरणार. फुप्फुसातल्या किंवा मूत्रपिंडातल्या जंतूला त्यातलं कितीसं पोचणार? आणि पोचावं म्हणून पेलाभर प्यायलं तर माणसालाच विषबाधा व्हायची.

बोटावरच्या जखमेवर मात्र दोन थेंब रस थेट जंतूच्या अंगावर पडतो, पातळ न होता. म्हणून आजच्या बोलण्याचं सार एका वाक्यात सांगतो. जिथे पाला जंतूला थेट भेटतो, तिथे त्याचा काही उपयोग आहे. जंतू आत शिरला, की पाल्याचा हात पोचत नाही.

तिथे हात पोचतो तो प्रतिजैविकांचा, म्हणजे आपण ज्यांना अँटिबायोटिक म्हणतो त्यांचा. त्यांची कुळकथाही मातीचीच आहे. लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये एका बुरशीभोवती जंतू मेलेले दिसले आणि त्यातून पुढे पेनिसिलिन आलं. आपल्याच पुणे जिल्ह्यात पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्या कारखान्यातल्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्या मातीतल्या सूक्ष्म जीवापासून हॅमायसिन नावाचं बुरशीवरचं औषध शोधलं आणि त्या जीवाच्या शास्त्रीय नावातही पिंपरीचं नाव गुंफलं. माती आपली, औषध आपलं. पण मातीतून औषध होईपर्यंत ते शुद्ध केलं, माप ठरवलं, माणसाला सोसतं का ते तपासलं. मधल्या त्या कामालाच खरी किंमत आहे.

कृतीलाही तितकंच महत्त्व असतं. चीनमधल्या तू योयो या संशोधक बाईंनी हिवतापावरचं औषध एका रानटी झुडपातून काढलं. त्यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. आधी ते झुडूप उकळून काढलेल्या अर्काचा भरवसा येत नव्हता. जुन्या ग्रंथात पाला उकळण्याऐवजी पाण्यात भिजवून पिळायला सांगितलं होतं, ते त्यांच्या ध्यानात आलं. उष्णतेने गुण जात होता. तेव्हा जुनं ज्ञान नीट वाचावं लागतं आणि नीट तपासावंही लागतं.

आपल्या शिवारातल्या काही वनस्पती

खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी वरवंडच्या तळ्यात येतं. त्या पाण्यावर खाली ऊस उभा आहे. पण दक्षिणेला भुलेश्वरच्या डोंगराकडे नजर टाकली, की माळरान लागतं. बांध, माळ आणि कालव्याची कड मिळून आपली वनौषधींची बाग आहे.

दगडी पाला. याला कुठे एकदांडी, कुठे कंबरमोडी म्हणतात. जमिनीलगत पसरतो, पानं खरबरीत आणि दातेरी, लांब उभ्या दांडीवर एकच लहान फूल, मधे पिवळं आणि कडेला फिकट पाकळ्या. गंमत म्हणजे ही वनस्पती मूळची आपली नव्हे, अमेरिका खंडातली. इथे आली, रुजली आणि आपल्या लोकांनी तिचा गुण ओळखला. ताज्या लहान जखमेवर रक्त थांबवायला तिचा रस वापरतात. भारतीय संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून जखम भरण्यावर तिचा परिणामही तपासला आहे.

बाभूळ. सालीचा काढा तुरट. हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागलं, तर कोमट काढ्याच्या चुळा भराव्यात, गिळू नये. दात किडून दुखत असेल तर मात्र काढ्याने कीड जात नाही.

तरवड. माळावर पिवळ्या फुलांनी फुलणारं झुडूप. हीसुद्धा तुरट साल. बाभळीसारखाच गुण.

कडुनिंब. पाला उकळून गार केलेल्या पाण्याने खरूज, नायटा, घामोळ्या धुतात. धुण्याने स्वच्छता होते, खाज कमी वाटते. पण खरूज एका बारीक किड्यामुळे होते. तिला दवाखान्यातलं मलम लागतं आणि ते घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं, नाही तर ती फिरत राहते.

रुई. हिच्या चिकापासून सावध राहा. चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. लहान मुलांना फुलं तोडायला पाठवू नका. चुकून चीक डोळ्यात गेलाच, तर स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

पिवळा धोत्रा, म्हणजे बिलायत. काटेरी पान, पिवळं फूल, मोडलं की पिवळा चीक. याच्यात जंतू मारणारी द्रव्यं आहेत, हे खरं. पण याच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं आणि १९९८ मध्ये दिल्लीत जलोदरासारखी साथ पसरली. अंग सुजलं, हृदय कमजोर झालं, साठाच्या वर माणसं दगावली. एकच झाड, जंतूलाही मारतं आणि माणसालाही. "झाडपाला आहे, अपाय काय होणार?" असं म्हणणाऱ्याला हे उदाहरण जरूर सांगा.

जखमेवर पाला लावायचाच, तर असा लावा

दवाखाना लांब आहे, जखम वरवरची आणि लहान आहे, तेव्हाचीच ही गोष्ट.

१. आधी स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवा. चार-पाच मिनिटं दाब सोडू नका.

२. मग जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. धुण्याने जेवढे जंतू जातात, तेवढे कोणत्याही पाल्याने मरत नाहीत. हे काम पाल्याच्या आधीचं, आणि पाला नसला तरी करायचंच.

३. पाला हमरस्त्याच्या कडेचा, उकिरड्यावरचा किंवा तणनाशक-कीटकनाशक फवारलेल्या रानातला घेऊ नका. ओळख पक्की नसेल तर हात लावू नका.

४. पाला उकळून गार केलेल्या पाण्यात धुवा. हात धुवा. धुतलेल्या खलबत्त्यात कुटा. दातांनी चावून लावायची पद्धत सोडून द्या. माणसाच्या तोंडात जंतूंची वस्ती मोठी असते.

५. स्वच्छ फडक्यातून रस गाळून तेवढाच लावा. चोथ्याचा गोळा जखमेवर बांधून चार दिवस ठेवू नका. आत ओल आणि ऊब राहिली की जंतूंचं फावतं.

६. रोज उघडून पाहा, धुवा, कोरडं कापड बदला. शेण, माती, चुलीतली राख, विड्याची तंबाखू, शाई, रॉकेल यातलं काहीही लावू नका.

इथे पाला नको, दवाखाना हवा

खिळा, काटा, दाताळ्याचा दात किंवा उसाचा बुडखा खोल घुसला, तर जखम तोंडाशी लहान दिसते. पण धनुर्वाताचा जंतू शेणामातीत सुप्त राहतो आणि जिथे हवा पोचत नाही अशा खोल जागी वाढतो. तिथे वरून लावलेला रस पोचणं शक्यच नाही. तो जंतू जे विष तयार करतो, त्याने जबडा बसतो, अंग धनुष्यासारखं ताठतं. लस हाच त्यावरचा भरवशाचा उपाय. भारतात बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केलं. ते गरोदरपणातली लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे झालं. तेव्हा बाळाच्या नाळेवर पाला, हळद, शेण, काही लावायचं नाही. नाळ कोरडी आणि स्वच्छ ठेवायची.

कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवा. तिखट, चुना, रुईचा चीक काही भरू नका. त्याच दिवशी लस सुरू करा आणि सगळे डोस घ्या. पिसाळण्याची लक्षणं एकदा दिसली की मग कोणाच्याच हातात काही राहत नाही.

साप चावला तर त्यात जंतूचा नव्हे, विषाचा प्रश्न असतो. पाला वाटण्यात, मांत्रिकाकडे नेण्यात वेळ घालवू नका. १०८ क्रमांकाला फोन करा, माणसाला हलू न देता रुग्णालयात न्या.

मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला साधी भेग पडली तरी ती जखम लहान समजू नका. त्याला दुखतही नाही आणि आत सडत जातं. घरातल्या वडीलधाऱ्यांचे तळपाय रोज रात्री पाहण्याची सवय लावा.

उसाचं पान डोळ्याला लागलं, डोळा लाल झाला, पाणी येऊ लागलं, तर डोळ्यात कोणताही रस, मध, दूध घालू नका. पानाबरोबर बुरशी आत जाते आणि बुबुळावर फूल पडतं. डोळ्यांचा डॉक्टर त्याच दिवशी गाठावा.

याशिवाय जखमेभोवती सूज वाढली, लाल रेघ वर चढू लागली, ताप आला, घाण वास येऊ लागला, तर एक दिवसही थांबू नका.

गोठ्यात काय करावे?

याच सोलापूर रस्त्यावर उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये बाएफ संस्था सुरू केली आणि संकरित गाईंचा प्रसार आपल्या भागात झाला. दूध वाढलं. पण जास्त दुधाच्या गाईला कासेचा आजार, म्हणजे कासदाह किंवा दगडी, लवकर गाठते. सड गरम, कास घट्ट, दुधात गाठी.

आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पारंपरिक पशुऔषधांची माहिती देशभरच्या दूध उत्पादकांपर्यंत नेली आहे. त्यात कासेसाठी एक लेप आहे. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि खायचा चुना १५ ग्रॅम एकत्र वाटायचे. लेप लालसर होतो. हळदीत चुना मिसळला की कुंकवासारखा रंग येतो, हे आपल्या बायकांना ठाऊक आहे. चुन्यामुळे हळदीतलं पिवळं द्रव्य पाण्यात जास्त विरघळतं. कासेतलं दूध पूर्ण काढून, कास धुऊन, मूठभर लेपात दीडशे-दोनशे मिलिलिटर पाणी घालून तो सगळ्या कासेला लावायचा. दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. जोडीला रोज दोन लिंबं चिरून खायला द्यायची. लेप रोज ताजा करावा.

हा लेप वरून लावण्याचा आहे. सडाच्या छिद्रातून कोणताही रस, तेल किंवा काडी आत घालू नका. त्याने आजार वाढतो, सड कायमचा जातो. आणि गाईने वैरण सोडली, ताप आला, दूध पाण्यासारखं किंवा रक्ताचं आलं, तर त्याच दिवशी पशुवैद्य बोलवा. लेपाच्या भरवशावर सड गमावू नका.

आजार होऊ नये म्हणून रोज करायच्या गोष्टी सोप्या आहेत. पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढून गाठी दिसतात का ते पाहावं. आजारी गाईचं दूध शेवटी काढावं. धार काढल्यावर लगेच वैरण टाकावी, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहील. तेवढ्यात सडाचं छिद्र मिटतं. शेणात बसली तर उघड्या छिद्रातून जंतू आत जातात.

बैलाच्या खांद्याची, खुराची वरवरची जखम असेल तर मूठभर कडुनिंबाचा पाला, मूठभर तुळस, दहा पाकळ्या लसूण आणि २० ग्रॅम हळद वाटून पाव लिटर खोबरेल तेलात उकळून, गार करून लावता येते. जखमेत किडे पडले असतील तर पहिल्या दिवशी सीताफळाच्या पाल्याचा लगदा लावतात. पुरंदरच्या शेजारी राहून आपल्याला सीताफळाचा पाला शोधावा लागणार नाही. सीताफळाच्या बियांची पूड मात्र डोळ्यापासून लांब ठेवा, माणसाच्या आणि जनावराच्याही. खोल जखमेला, लाळ्या-खुरकुताच्या साथीला पशुवैद्यच हवा. जनावराला घाणेरीचा पाला खाऊ देऊ नका. त्याने यकृत बिघडतं.

इंजेक्शन घेतले, तर पुरे घ्या

फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक घेताना इशारा दिला होता, की औषध कमी मात्रेत घेतलं तर जंतू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात. आज तेच झालं आहे. बरं वाटलं की गोळ्या बंद, कासेला दोन ट्यूब सोडल्या की पुढच्या ठेवून दिल्या, सर्दीलाही अँटिबायोटिक. सर्दी जिवाणूने होत नाही, तिथे त्या गोळीचं काही काम नाही. माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन हे औषध कोंबड्या-जनावरांना देण्यावर भारत सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच कारणाने.

म्हणून डॉक्टरने सांगितलेला कोर्स पुरा करा. गाईला औषध दिलं असेल तर वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत ते दूध डेअरीला घालू नका, घरात वापरू नका आणि वासरालाही पाजू नका. चार दिवसांच्या दुधाचं नुकसान दिसतं. पण उद्या आपल्याच नातवाला न्यूमोनिया झाला आणि औषध लागू पडलं नाही, तर ते नुकसान कशाने भरून काढणार? लहान जखमेचं, सुरुवातीच्या सुजेचं काम धुण्याने आणि पाल्या-लेपाने भागलं, तर तेवढं अँटिबायोटिक वाचतं. झाडपाल्याचा आजच्या काळातला हा मोठा उपयोग आहे.

जे माहीत आहे ते लिहून ठेवा

हळद जखमेवर लावावी, हे कोणाला शिकवावं लागतं का? तरी १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याच्या वापराचं पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्या वेळचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकाराने, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. रद्द कशामुळे झालं? जुने ग्रंथ आणि १९५३ मध्ये छापलेला एक शोधनिबंध पुढे ठेवता आला, म्हणून. "आमच्या आजीला माहीत होतं" एवढ्यावर भागलं नसतं. कागद लागला.

जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून गावची लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. आपल्या गावची नोंदवही पाहा. धनगर मेंढपाळांना, सुईणींना, जुन्या वैदूंना विचारून वनस्पतीचं नाव, कुठे उगवते, कोणता भाग, कशावर, कसा वापरतात, काय अपाय होतो, हे त्यात आहे का ते बघा. नसेल तर ग्रामसभेत विषय मांडा. ज्यांना हे ठाऊक आहे ती माणसं थकत चालली आहेत. माळ नांगरला जातो आहे, बांध कोरले जात आहेत, तणनाशकाने दगडी पालाही जळतो आहे. एखादा हात रुंदीचा बांध शिल्लक राहू द्या.

तर बंधूंनो आणि भगिनींनो, चार गोष्टी ध्यानात ठेवा. जखम आधी धुवा. पाला ओळखीचा, स्वच्छ आणि फक्त वरून. खोल, चावलेली, चिघळलेली जखम, मधुमेह्याची जखम आणि डोळा, यांना थेट दवाखाना. आणि औषध घेतलं तर पुरं घ्या. एवढं पाळलं तर बांधही आपल्या कामाचा राहील आणि दवाखानाही.